काळ्या काठाचं

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या छापखान्यात
कोऱ्या नोटा उजेडापुढे धरल्या मी.
जलचिन्ह, तार, शाईचा फुगवटा.
सदोष कागद अंगठ्यालाच आधी कळायचा.
निवृत्त झालो आणि अंगठा बेकार झाला.

म्हणून असेल,
देवळाली कॅम्पात खोरशेदबाईंनी बंगल्यातलं सामान विकायला काढलं
तेव्हा पियानो, हंड्या, शिसवी कपाट सोडून
मी उचललं एक वीतभर मडकं.
पोट तांबडं, गोट्यानं घोटून चकचकीत,
काठाखाली चार बोटं काळं,
काजळात बुचकळून काढल्यासारखं.
बुडाशी फिकट शाईत तीन आकडे,
कुणाच्या तरी घाईच्या अक्षरातले.

"बावाजी सुएझला होते, पहिल्या लढाईत.
मिसरचं छे. पाच हजार वरस."
आणि मग, नजर चुकवत, "कागळ नथी, दीकरा."
कागद नाही!
हे कुणाला सांगत होत्या त्या.

पासष्ट हजार दिले.
घरी नऊ सांगितले.

मग रात्री भिंग, पुस्तकं, परदेशी लिलावांच्या याद्या,
जिथे या मडक्याची भावंडं
काळ्या मखमलीवर उभी, पायाशी किंमत.
पुस्तक म्हणे, तेव्हा चाक नव्हतं.
पुस्तक हेही म्हणे, नकला होतात,
चहाच्या पाण्यात भिजवून म्हाताऱ्या केलेल्या.
सवयीनं मडकं दिव्यापुढे धरायचो.
माती उजेडाला दाद देत नाही.

शेवटी पंच्यात गुंडाळून गढीवर नेलं, कुंभारवाड्यात.
तिथं नदीकडच्या कड्यातून
दर पावसाळ्यानंतर खापरं डोकावतात,
कुणी मोजत नाही, शेळ्या तुडवतात.
ठकूबाई रसाळनं हात परकराला पुसले,
आधी टिचकी मारली नाही,
बोटं आत घातली आणि डोळे मिटले.
"चाक नाई लागलं याला. वळ्या हायेत. हा बघा सांधा.
लहान अंगठा हाये, बाईचा नाईतर पोराचा.
आन काठ रंगवलेला नाई ओ,
लालबुंद असताना भुशात पालथा घातलाय.
धूर प्यालाय त्यो."

मी विचारलं, म्हणजे खरं?
"मडकं हाये," ती म्हणाली, "खोटं कसं असंल?"

मग टिचकी मारली. कान दिला.
"तडा हाये आत. पर धरून ऱ्हायलंय.
काय ठेवायचे यात?"
धान्य, म्हटलं. मेलेल्याच्या उशाशी, थडग्यात.
"आमीबी करतो की मेलेल्यांचं. चाळीस रुपये.
पर ते भोक पाडून फोडायचं असतं.
फुटलं नाई तर माणूस घुटमळतं म्हणत्यात."
माझ्या मडक्याकडे तिनं पुन्हा एकदा पाहिलं.
"म्हंजी याचं माणूस..."
आणि वाक्य तसंच ठेवून ती गाऱ्याकडे वळली.

भिंतीशी तिची ओळ होती, वीसेक,
कच्च्या गळ्याची, घाईत भाजलेली,
आठवडाभरात सगळी फुटणार होती.
एक द्या, म्हटलं.
"कोण गेलं?"
कुणी नाही. घरी ठेवायला. जोडीला.
तिनं ओळीवर गोणपाट ओढलं.
"जित्या माणसानं आधी घिऊन ठिवायचं नसतं ते."
चहा मात्र पाजला, बिनदुधाचा.

खाली रिक्षा मिळाली.
मांडीवर पंचा, दोन्ही हात त्याच्याभोवती.
पोरगा बडबड्या होता, गाणं मोठ्यानं लावलेलं.
काय आहे काका, म्हणाला.
मडकं, म्हटलं.
त्यानं आरशातून पाहिलं, गाणं बंद केलं,
खड्डे चुकवत, एकदाही हॉर्न न मारता
रविवार कारंजापर्यंत आणलं,
तिथं हळू करून, मागे न बघता विचारलं,
"रामकुंडावर घेऊ?"

मी अंगठा पंच्याखाली सरकवला.
तो दुसरा अंगठा तिथंच होता, लहानसा, गार.
"नाही," म्हटलं.
आणि पत्ता काही केल्या आठवेना.